तंजावरचे कीर्तन आणि आपले कपाट

गेल्या चैत्रात आमच्या मंडळाच्या कार्यालयातील एक जुने लोखंडी कपाट उघडण्याचा प्रसंग आला. किल्ली केव्हाच हरवली होती, तेव्हा कुलूप तोडावे लागले. आत जुनी इतिवृत्ते होती, वर्गणीच्या पावत्यांची पुस्तके होती आणि एका पुठ्ठ्याच्या खोक्यात बावीस ध्वनिफिती होत्या. आमच्या शहरातील वंशपरंपरेने कीर्तन करणारे अखेरचे बुवा थकले, तेव्हा त्यांची आख्याने मंडळाने ध्वनिमुद्रित करून घेतली होती. त्यास आता पस्तीस वर्षे होत आली. पावसाळ्यांनी आपले काम केले होते. बहुतेक फितींवर बुरशी चढली होती, आणि ऐकू येण्याजोग्या निघाल्या त्या अवघ्या चार.

ध्वनिमुद्रणाच्या त्या समितीत आम्हीही होतो, तेव्हा दोष अन्य कोणाच्या माथी मारण्याचा प्रश्नच नाही. इतिवृत्त चाळून पाहिले. ठराव, खर्च, आभार, सारे व्यवस्थित नोंदलेले आहे. नोंद नाही ती एवढीच, की त्या वेळी बुवांपाशी एकही शिष्य शिकत नव्हता. तो प्रश्न त्या सभेत कोणी विचारलाच नव्हता. परंपरा फितीवर उतरली म्हणजे राहिली, असे आम्हां सर्वांस प्रामाणिकपणे वाटले होते.

हे आठवण्याचे कारण असे, की आता उरलेल्या चार फिती नव्या तंत्राने जतन करण्यासाठी निधी जमवावा, अशी सूचना पुन्हा पुढे आली आहे. सूचना चांगली आहे व तिला आमचा विरोध नाही. परंतु पैसा खर्च करण्यापूर्वी एका जुन्या मराठी वस्तीचा इतिहास वाचकांपुढे ठेवावासा वाटतो. ती वस्ती आपणां सर्वांहून दूर दक्षिणेस, कावेरीच्या काठी आहे. आज आपल्यापुढे जो प्रश्न उभा आहे, तो तिच्यापुढे दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी उभा राहिला होता.

सतराव्या शतकाच्या आठव्या दशकात व्यंकोजीराजे भोसले यांनी तंजावरास आपले राज्य स्थापन केले. त्यांच्यामागून पुढची पावणेदोनशे वर्षे कावेरीच्या सुपीक खोऱ्यात मराठी राजघराणे नांदले. या घराण्याचा विद्याव्यासंग सर्वश्रुत आहे. शहाजीराजांनी (कारकीर्द १६८४ ते १७१२) विद्वानांस वसविण्यासाठी गाव दिले व स्वतः अनेक भाषांत नाटके रचली. प्रतापसिंहांच्या काळी मराठी नाट्यरचना बहरास आली. दुसरे सरफोजीराजे (१७९८ ते १८३२) यांनी तर सरस्वती महाल ग्रंथसंग्रह असा वाढविला की देशोदेशीचे पंडित त्याचे नाव घेऊ लागले. याच राजांनी १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरविला. द्रविड देशातील चोळांच्या मंदिरावरील तो दीर्घ मराठी लेख आजही वाचता येतो.

या राजवैभवाच्या सावलीत आणखी एक गोष्ट वाढत होती. समर्थ रामदासांच्या शिष्यपरंपरेने तंजावर व आसपास मठ घातले होते. मठांत नित्य भजन होई आणि उत्सवांत कीर्तन. अरणीच्या आनंदतनयासारख्या कवींची आख्याने कीर्तनकारांच्या मुखी असत. कोकिलकंठ म्हणून नावाजलेले मेरुस्वामी हे याच परंपरेतील कीर्तनकार. ते पुढे त्रावणकोरात गेले व तेथील विद्याप्रेमी राजे स्वाती तिरुनाळ (१८१३ ते १८४६) यांच्या दरबारी राहिले. राजांनी कीर्तनासाठी कुचेलोपाख्यान व अजामिलोपाख्यान रचले, यावरून मेरुस्वामींच्या कथेची छाप तेथे किती खोल पडली होती हे समजते.

१८५५ मध्ये तंजावरचे दुसरे शिवाजीराजे निपुत्रिक वारले आणि कंपनी सरकारने राज्य खालसा केले. दरबार उठला. दरबाराबरोबर नेमणुका गेल्या, सणांच्या बिदाग्या गेल्या, गवई, नर्तक व पंडित पांगले. ग्रंथसंग्रह तेवढा टिकला. १९१८ मध्ये राजघराण्याने तो लोकांस खुला करून दिला. त्यात मराठी हस्तलिखितेच सुमारे तीन हजार आहेत आणि मोडी कागदांची शेकडो बाडे आहेत. तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने मोडी कागदांची तमिळ भाषांतरे करविली, हे त्या विद्यापीठाचे ऋणच मानले पाहिजे. राजांनी कागदावर उतरविले, ते असे राहिले.

कीर्तन मात्र कागदावर राहणारी वस्तू नव्हे. नारदाच्या गादीवर उभे राहून, एका हाताने चिपळ्या वाजवीत, पूर्वरंगात एखाद्या अभंगाचे निरूपण करावे. मध्ये भजन व्हावे, बुक्का लागावा, हार पडावा. मग उत्तररंगात आख्यान लावावे आणि शेवटी आरती व्हावी. आख्यानातही केवळ गोष्ट नसते. युद्ध आले की कटाव हवा, करुण प्रसंग आला की दिंडी हवी, संवाद आला की साकी हवी. कोणते वृत्त केव्हा आणि किती वेळ, श्रोते पेंगू लागले तर काय करावे, डोळे पुसू लागले तर कोठे थांबावे, हे पोथीत लिहिलेले नसते. ते गुरूच्या मागे झांज धरून वर्षानुवर्षे उभे राहूनच कळते. म्हणून दरबार बुडाला तेव्हा पोथ्या सुरक्षित होत्या, पण कीर्तन नव्हते.

ते राखले कोणी? राखले गावच्या लोकांनी. मठ चालू राहिले. मराठी गृहस्थांच्या घरी भजने चालू राहिली. चातुर्मासात महाराष्ट्राकडून कीर्तनकारांस बोलावून घेण्याची प्रथाही राजाविना चालली. १८६०च्या दशकात रामचंद्रबुवा मोरगावकर हे कीर्तनकार तंजावरास आले आणि त्यांची कीर्तने ऐकण्यास मराठी मंडळींबरोबर तमिळ रसिकांचीही दाटी होऊ लागली. त्या श्रोत्यांत कृष्ण भागवतर नावाचे एक तरुण तमिळ गायक होते. बुवांची वृत्ते, त्यांचे निरूपण, गाणे आणि बोलणे यांचे प्रमाण, हे सारे त्यांनी कान देऊन टिपले व आपल्या कर्नाटक संगीतात आणि तमिळ भाषेत बसविले. आज तमिळनाडूत ज्यास हरिकथा कालक्षेप म्हणतात, त्याचे जनक म्हणून कृष्ण भागवतरांचेच नाव घेतले जाते.

त्या कथेत आपले किती आहे, हे पाहिले म्हणजे चकित व्हावे लागते. साकी आहे, दिंडी आहे, ओवी, अभंग, आर्या, घनाक्षरी, सवाई, अंजनीगीत, सारे आहे. वृत्तांची नावेही तीच. हातातील चिपळीस तमिळ भागवतरही 'चिपळा'च म्हणतात. 'निरूपण' हा आपला शब्द तेथे थोडा अर्थ पालटून राहिला. आपल्याकडे निरूपण म्हणजे विवरण, तर तेथे एका आख्यानासाठी क्रमाने लावलेल्या पद्यांची मालिका म्हणजे निरूपण. मागे उभे राहून गाणाऱ्यांच्या साथीस 'पिन्पाट्टु' असे तमिळ नाव मिळाले, तरी शिकण्याची जागा तीच राहिली. कृष्ण भागवतरांच्या साथीस मृदंगावर नारायणस्वामी अप्पा असत. ते जातीचे मराठे गृहस्थ. तंजावरच्या मृदंगपरंपरेत त्यांचे नाव अद्याप आदराने घेतात.

पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी सी. सरस्वती बाई यांनी ही कथा सांगण्यास प्रारंभ केला. बाईमाणसाने सभेत उभे राहून कथा करावी, हे तेव्हाच्या मद्रासेतील काही प्रतिष्ठितांस रुचले नाही. विरोध झाला, परंतु त्या मागे हटल्या नाहीत व त्यांच्यामागून अनेक स्त्रिया या गादीवर उभ्या राहिल्या. ज्या कलेस राजाचा आधार उरला नव्हता, तिने आपले दार नव्या माणसांस उघडले, म्हणून तिला माणसे मिळाली. आज चेन्नईच्या मार्गशीर्षातील संगीतोत्सवात हरिकथेस स्थान असते आणि कुंभकोणमजवळच्या गोविंदपुरमास विठ्ठल-रखुमाईचे भव्य मंदिर उभे आहे. मराठी मातृभाषा नसलेली सहस्रावधी माणसे तेथे अभंग म्हणतात.

येथवरचा इतिहास ऐकून आपली छाती फुगावी, हे स्वाभाविक आहे. परंतु त्याची दुसरी बाजू सांगितली नाही, तर तो अर्धाच राहील. हरिकथेतील साकी टिकली, पण ती आता बहुधा तमिळ, तेलुगू वा संस्कृत शब्दांवर चालते. तंजावरकडील मराठी कुटुंबे घरात एक वेगळी मराठी बोलत आली. 'दक्षिणी मराठी' म्हणून ती ओळखली जाते. मूळ प्रवाहापासून फार पूर्वी वेगळी झाल्यामुळे तिच्यात जुनी रूपे राहिली आणि शेजारच्या तमिळचे वळणही तिने घेतले. १९१२ मध्ये याच समाजातील मंडळींनी मद्रासेस महरट्टा एज्युकेशन फंड स्थापून मुलांच्या शिक्षणास हात दिला. तरीही या भाषेचे लेखन-वाचन घरांतून जवळजवळ गेले. बोलता येते पण देवनागरी वाचता येत नाही, अशी पिढी आली, आणि तिच्यामागून बोलताही न येणारी. ग्रंथालयात तीन हजार मराठी हस्तलिखिते आहेत, सभागृहांत मराठी वृत्ते घुमत आहेत, आणि या दोहोंच्या मध्ये उभी असलेली घरची मराठी मात्र आजीबरोबर जात आहे.

याचा दोष तंजावरकरांस देण्याचा अधिकार आपणांस नाही. आपल्या घरांतून नातवंडे कोणत्या भाषेत भांडतात, हे ज्याने त्याने आठवून पाहावे.

ज्या पिढीने तंजावरास कीर्तन तमिळमध्ये नेले, त्याच पिढीत ते आणखी दोन वाटांनी गेले. १८८० मध्ये पुण्यास 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आले. त्याचे कर्ते अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगावकडील गुर्लहोसूरचे. कीर्तनातील साकी-दिंडी त्यांनी नटांच्या मुखी घातली व कालिदासाची शकुंतला मराठी प्रेक्षकांस आपल्या घरची वाटू लागली. पुढे नाट्यसंगीत रागदारीकडे वळले आणि साकी-दिंडी रंगभूमीवर मागे पडल्या, हेही खरे.

तिसरी वाट अधिक विलक्षण आहे. कोकणातील बेने इस्राएल समाज शनिवारी घाणा बंद ठेवीत असे, म्हणून त्यास 'शनवार तेली' म्हणत. या ज्यू समाजातील सुशिक्षितांनी १८८०च्या सुमारास मुंबईस आपल्या धर्मग्रंथांतील आख्यानांवर मराठी कीर्तने रचण्यास प्रारंभ केला. अब्राहाम, योसेफ, मोशे यांच्या कथा साकी-दिंडीत गाइल्या जाऊ लागल्या व त्यांची पुस्तके छापली गेली. १९४८ नंतर या समाजातील बहुतेक कुटुंबे इस्राएलास गेली. कीर्तन मागे पडले होते, ते पुढे मुंबईस व इस्राएलास या समाजातील स्त्रियांनी एकत्र जमून पुन्हा गाण्यास घेतले. 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिकही तेथे निघाले. ख्रिस्ती समाजात रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी कीर्तनाचा अंगीकार केला, तो याच जातीचा प्रयत्न होय.

या वाटा शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. तंजावरास कीर्तनाने देव राखला आणि भाषा सोडली. बेने इस्राएलांनी भाषा राखली आणि आख्यान पालटले. किर्लोस्करांनी भाषा राखली आणि गादी सोडून रंगमंच धरला. जसेच्या तसे कोठेच राहिले नाही. जेथे काही राहिले, तेथे ते जपणाऱ्यांच्या प्रतिष्ठेमुळे राहिलेले नाही. ऐकणाऱ्यास त्याची गरज होती, वर्षातील एक ठरलेला दिवस त्यासाठी राखलेला होता, आणि म्हणणाऱ्याच्या मागे झांज धरून कोणी तरी लहान उभे होते, म्हणून राहिले. यांतील एक जरी नसेल, तर कपाट कितीही भक्कम असो, आत बुरशीच चढणार.

संयुक्त राष्ट्रांच्या युनेस्को संस्थेने २००३ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या रक्षणाचा करार केला व भारताने तो २००५ मध्ये मान्य केला. त्या करारातील दोन गोष्टी आपण ध्यानी घ्याव्यात अशा आहेत. वारसा कोणता, हे ठरविण्यात ती परंपरा चालविणाऱ्या समाजाचे मत त्याने प्रमुख धरले आहे. सरकार व पंडित त्यास साहाय्य करतील, परंतु समाजाने आपले मानले नाही तर तो वारसाच नव्हे. दुसरे असे, की मौखिक परंपरांचा उल्लेख करताना भाषेस त्याने या वारशाचे वाहन म्हटले आहे. तंजावरच्या उदाहरणाने हा शब्द आम्हांस नीट कळला. वाहन पालटूनही प्रवासी पुढे जाऊ शकतो, हे खरे. पण ज्या घरचे ते वाहन होते, ते घर रस्त्याच्या कडेला राहते. या करारान्वये भारतातील वैदिक पठण, कुटियाट्टम, रामलीला, २०२१ मध्ये कोलकात्याची दुर्गापूजा व २०२३ मध्ये गुजरातचा गरबा यांस मान मिळाला. गरब्याकडे आमच्या बडोदेकर वाचकांनी पाहावे. नवरात्रात तेथे कोणी शिकवावे लागत नाही. आई नाचते आणि मूल तिच्या पदराशी पावले टाकते. यादीत नाव गेले नसते, तरी गरबा बुडाला नसता.

आपल्या वस्त्यांकडे आता वळू. हैदराबाद १९४८ मध्ये भारतात आले. त्याच वर्षी ग्वाल्हेर व इंदूर मध्य भारतात गेले. १९४९ मध्ये बडोदे मुंबई राज्यात विलीन झाले. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे येथील मराठी समाजाच्या पाठीशी जो राजाश्रय होता, तो त्या वेळी संपला. तंजावरास जे १८५५ मध्ये घडले, ते आपल्यापैकी अनेकांकडे नव्वदेक वर्षांनी घडले, एवढाच भेद. त्यानंतर गणेशोत्सव, शारदोत्सव, वाचनालये, नाट्यस्पर्धा हे सारे आपल्या आजा-पणज्यांनी वर्गणी काढून चालविले. गोव्यात तर त्याआधीपासून पोर्तुगीज अमलाखालीही देवळांच्या उत्सवांतून कीर्तने आणि नाटके गावकऱ्यांनी आपल्या बळावर राखली होती. म्हणजे समाजाने परंपरा चालविणे ही आपणांस कोणी नव्याने शिकविण्याची गोष्ट नव्हे. आपण ती विसरलो आहोत, इतकेच.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला. आमच्या मंडळात पेढे वाटले गेले व आम्हीही ते आनंदाने खाल्ले. परंतु सरस्वती महालातील त्या तीन हजार हस्तलिखितांची आठवण त्या वेळी झाल्यावाचून राहिली नाही. भाषेचे प्राचीनत्व पोथ्यांनी सिद्ध होते. तिचे आयुष्य पोथ्यांनी वाढत नाही.

मग त्या चार फितींचे काय करावे? आमचे नम्र मत असे, की त्या जतन कराव्यात, त्यासाठी लागेल तेवढा खर्च करावा, आणि त्या कपाटात न ठेवता शिकणाऱ्याच्या हाती द्याव्यात. निधीतील मोठा वाटा मात्र एखाद्या कीर्तनकारास वर्षातून दोन महिने बोलावून मुलांस शिकविण्यासाठी ठेवावा. ती मुले मराठी घरांतीलच असावीत, असा आग्रह नको. तंजावरने हा आग्रह धरला असता, तर कृष्ण भागवतर दाराबाहेरच राहिले असते. परंतु शिकविणे मराठीतून व्हावे, हा आग्रह मात्र असावा, कारण तंजावरने जे गमावले ते येथेच. जुनी आख्याने मुलांस रुचली नाहीत, तर नवी रचून घ्यावीत. बेने इस्राएलांनी योसेफाची कथा दिंडीत बसविली, मग आपल्या शहराच्या इतिहासातील एखादी कथा बसविण्यास हरकत कोणती?

या लेखाच्या निमित्ताने त्या चार फितींपैकी एक आम्ही घरी लावली. बुवांचा आवाज अधूनमधून बुडत होता. ध्रुवाचे आख्यान होते. सावत्र आईने बाळास मांडीवरून उतरविले तेथे दिंडी लागली आणि फीत खरखरू लागली. शेजारच्या घरातील नऊ वर्षांची मुलगी आमच्या नातवाबरोबर बसली होती. तिची मातृभाषा मराठी नाही. तिने विचारले, "आजोबा, पुढे त्या मुलाचे काय झाले?" फितीने उत्तर दिले नाही, तेव्हा आम्हांस सांगावे लागले. दिंडीची चाल आम्हांस अर्धीच येते. तेवढी अर्धी तिला म्हणून दाखविली, आणि ती दोघा मुलांनी मागोमाग म्हटली.

उरलेली अर्धी कोणास येत असेल, तर त्यांनी मंडळाच्या पत्त्यावर अवश्य कळवावे.